विस्तव मागायला आलेल्या बायका

आज मी तिसऱ्यांदा शिवशरणप्पांच्या घरी चाळणी मागायला गेले. माझ्या घरात चार चाळण्या आहेत. एक रव्याची, एक पिठाची, एक भोकं मोठी झालेली आणि एक सुनेच्या माहेरची, जिला हात लावायची मला परवानगी नाही. सून म्हणाली, "आत्या, लोक काय म्हणतील?" म्हटलं, "म्हातारी विसराळू झाली म्हणतील. म्हणू देत की. एवढी सवलत मिळणार नसेल तर म्हातारं होऊन उपयोग काय?"

शिवशरणप्पा आमच्या भालकीच्या गल्लीतले, भिंतीला भिंत लागून. तहसिलीत कारकून होते, आता रिटायर. मी त्यांना अण्णा म्हणते, ते मला अक्का. दसऱ्याच्या सुमाराला त्यांची बायको गुरम्मा गेली. कार्य झालं, पाहुणे पांगले, गुलबर्ग्याचा मुलगा आठ दिवस राहून कामावर परतला. मग अण्णांनी आपला रेडिओ न्हाव्याला देऊन टाकला. नंतर छत्री दिली. तोवर मी नुसतीच बघत होते. पण महिनाभरापूर्वी आमच्या दारात दूध मापताना गवळी सहज बोलून गेला, "शिवशरणप्पांनी उद्यापासून दूध नको म्हनलंय," आणि माझ्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. एकटा माणूस, चहाचा शौकीन. दूध बंद करतो म्हणजे तो उद्याचाच दिवस बंद करायला निघालाय. हे मला ओळखता येतं, कारण एकेकाळी मीही निघाले होते.

त्याच दिवशी मी पहिली चाळणी मागितली.

हंगामही तोच आलाय. तुरी निघाल्यात. बाजाराकडं जाणाऱ्या गाड्यांतून तुराट्या लोंबतात, गल्लीच्या वळणावर भिंतीला घासून त्यांची साल निघते आणि दिवसभर वास राहतो, कोरडा, किंचित गोडसर, नाकात धूळ गेल्यासारखा. तुराटी पेटली की आधी तडतडते, मग एकदम भडकते आणि पाच मिनिटांत संपते. चोवीस वर्षांच्या पोरीसारखं जळण. त्या जळणावर आणि त्या वयावर माझा विश्वास तेव्हाही नव्हता. पण दोन्ही माझ्याच घरात होती.

मी चोवीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. आपला मुलूख मैसूर राज्यात जाऊन तीनेक वर्षं झाली होती. शाळेचे जुने कागद उर्दूत, वरून येणारी पत्रं कानडीत, शिकवायचं मराठीत आणि समोरची पोरं त्यांच्या गोरबोलीत. खटकचिंचोळीच्या पुढं माळावर लमाणांचा एक तांडा होता. तिथं एकशिक्षकी शाळा निघाली आणि मला नेमलं. माझे वडील मला जनवाड्याहून तिथं सोडायला आले. माझ्याकडं एक ट्रंक, एक कंदील, स्वच्छतेवरचे पाच तक्ते आणि पांढऱ्या सुती साड्या होत्या. पांढऱ्या का, तर कुठल्याशा मासिकात समाजसेविकेचं चित्र पाहिलं होतं. लाल मातीच्या माळावर पांढरी साडी! पहिल्याच आठवड्यात मी गुडघ्यापर्यंत विटेच्या रंगाची झाले. तरी डायरीत लिहिलं, 'या अंधारात मी एक पणती आहे.' डायरी अजून आहे. उन्हाळ्यात करमेनासं झालं की काढून वाचते.

आमच्या घरी बौद्ध दीक्षा घेतलेली होती. देवळीतले देव उतरले होते आणि मी नवी नवी बुद्धिवादी झाले होते. तांड्यातल्या बायका एकमेकींना बऱ्याच दिवसांनी भेटल्या की गळ्यात पडून रडत. नुसत्या रडत नसत, चालीत रडत. गेलेल्या माणसांची नावं घेत, न आलेल्यांना बोल लावत, पाचदहा मिनिटं, आणि मग डोळे पुसून लगेच हसत तंबाखू मळत. मी ते शाळेच्या दारातून पाहायची आणि म्हणायची, काय हे नाटक. मी स्वतः त्या श्रावणापासून एकदाही रडले नव्हते, आणि त्याचा मला अभिमान होता.

त्या श्रावणात माझी सात महिन्यांची लेक तापानं गेली होती. नवरा गुलबर्ग्याला डाळीच्या गिरणीत होता. आला, दोन दिवस राहिला, जाताना म्हणाला, "मी बोलावतो तेव्हा ये." त्यानं बोलावलं नाही. एवढंच. याहून जास्त मला तेव्हा सांगता येत नव्हतं, आताही येत नाही.

तर मी ठरवलं होतं. काय आणि कसं ते लिहिण्यासारखं नाही, त्यात शहाणपणही काही नव्हतं. फक्त केव्हा ते सांगते, कारण त्याचं मला आजही हसू येतं. तुरी निघाल्यावर. का? तर सहामाही परीक्षा त्या सुमारास संपणार होती आणि हजेरीपट अर्धवट टाकून जाणं मला बरं दिसेना. जगाचा निरोप घ्यायला निघालेली बाई, आणि धाक कुणाचा? शाळा तपासनिसांचा.

पण मला तांड्यात निवांतपणा म्हणून मिळेना. त्या लोकांसारखे मागणारे लोक मी जन्मात पाहिले नव्हते.

पहिल्या दिवशी फटफटलं आणि दार वाजलं. बाहेर सोमली. शेजारच्या खोपटातली, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, हातभर पांढऱ्या बांगड्या, आरशांची काचोळी आणि हातात एक काळं खापर.

"बाई, विस्तव हाय का?"

मी गोंधळले. जनवाड्यात आमच्या चुलीतला विस्तव वेशीच्या आतल्या कुणी नेल्याचं मला आठवत नाही. विस्तव आम्ही मागायचा, तोही लांब उभं राहून, आणि तो वरून टाकला जायचा. मी म्हटलं, "माझी जात माहीत आहे ना तुला?"

"मास्तरीण," सोमली म्हणाली. "जल्दी दे, पोरगं उठंल."

नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, घरच्या बायका मात्र पहिले आठ दिवस आल्या नाहीत, तेही खरं आहे आणि सांगायला पाहिजे. नवव्या दिवशी त्याही आल्या. पुढं रोज सकाळी पाच-सहा खापरं माझ्या दारात. त्यामुळं मला सगळ्यांच्या आधी उठून चूल पेटवावी लागायची. गारठा असा की फुंकणी ओठाला चिकटायची. धूर डोळ्यांत जायचा, पाणी यायचं, आणि मी चिडून तुराट्या मोडत बसायची. इतक्या लवकर मी लेक होती तेव्हाही उठत नव्हते.

विस्तवावर भागतं तर ठीक. दिवसभर कुणी ना कुणी. सुई दे. दोरा ओवून दे. पोर धर, मी पाणी आणते. कोंबडी हरवली, तुझ्या वर्गात आली का बघ. माझ्या भावाचं पत्र वाच. वाचून झालं? आता पुन्हा वाच, पहिल्यांदा नीट ऐकलं न्हाई. एकदा एक म्हातारी फक्त एवढंच विचारायला आली की तिच्या पाठीला खाज कुठं सुटलीय ते मी बघून सांगते का. उसन्या नेलेल्या वस्तू त्या लगेच परतही करत नसत. "उद्या आनून देते, घरीच हायस न्हवं?" म्हणत. मी म्हणायची, "घरीच आहे." दुसरं काय म्हणणार?

मी इन्स्पेक्टरसाहेबांना पत्र लिहिलं. भाषा बघा माझी: 'येथील रहिवाशांस याचनेची सवय असून त्यायोगे शिक्षिकेच्या मनःशांतीचा भंग होत आहे.' मनःशांती! साहेबांना मराठी वाचता येत नव्हतं. पत्र कुठल्याशा गठ्ठ्यात गेलं आणि माझी अब्रू वाचली.

या सगळ्या मागणाऱ्यांची म्होरकी होती जमनी. तांडा तिला जमनी याडी म्हणायचा, याडी म्हणजे आई. साठीची असेल. नाकात मोठी नथ, तोंडात चिलीम आणि सबंध तांड्यावर नजर. सकाळी ती खोपटाबाहेर दगडावर बसायची आणि कुणाच्या छपरातून धूर निघाला, कुणाच्या नाही, ते बघायची. मला वाटायचं, या बाईला उद्योग नाही.

मग तुरी निघाल्या. खळ्यावर बडवणं सुरू झालं. दिवसभर धपधप, हवेत पिवळट भुसा, पोरांच्या केसांत, माझ्या खडूच्या डब्यात, कंदिलाच्या काचेवर. पोरं सकाळी येताना हिरव्या राहिलेल्या शेंगा आणायची आणि उकडलेल्या शेंगांचा वास पाढ्यांत मिसळायचा. परीक्षा झाली. सगळे पास, कारण नापास करायला माझ्याकडं जोर नव्हता. हजेरीपट पुरा केला, बेरजा जुळवल्या, शाई टिपून ट्रंकेवर ठेवला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले नाही. चूल पेटवली नाही.

दार वाजलं. पुन्हा वाजलं.

"बाई, विस्तव."

"आज नाही," मी आतून म्हटलं. "आज चूल पेटवली नाही. दुसरीकडं बघा."

वाटलं, गेल्या. बराच वेळ आवाज नाही. मग खोकला ऐकू आला. मग बांगड्या. मी फटीतून पाहिलं. दारासमोर, त्या गारठ्यात, बायका बसल्या होत्या. एक, दोन, पाच, दहा. बहुतेक सगळा तांडाच. प्रत्येकीच्या पुढं आपापलं खापर. सोमलीचं पोरगं तिच्या ओढणीत झोपलं होतं. मधोमध जमनी.

मी दार उघडलं. राग इतका आला होता की महिनाभरात आला नव्हता. "सांगितलं ना, विस्तव नाही! कळत नाही का तुम्हाला?"

"कळतंय की," जमनी म्हणाली. "तू पेटीव. आमी बसलाव."

आणि असं म्हणून तिनं कमरेची पिशवी सोडली, काडीपेटी काढली, काडी ओढली आणि आपली चिलीम शिलगावली.

"तुझ्याकडं काडीपेटी आहे!"

"हाय."

"मग माझ्याकडं विस्तव कशाला मागायलीस?"

तिनं धूर सोडला. "ती चिलमीची हाय. चुलीची न्हाई."

कुणीतरी फिसकन हसलं. मी अशी संतापले की आत जाऊन तुराट्या मोडल्या, चुलीत कोंबल्या आणि फुंकायला बसले. त्या बाईच्या चिलमीच्या काडीपेटीची मला इतकी चीड आली होती की बाकीचं सगळं त्या क्षणापुरतं डोक्यातून गेलं. चूल पेटली. एकेक खापर आत आलं. मी एकेक निखारा चिमट्यानं टाकत गेले. शेवटी जमनी आली, खापर बाजूला ठेवलं आणि चुलीसमोर माझ्या शेजारी बसली. तुरीच्या चार शेंगा राखेत खुपसल्या आणि माझ्याकडं न बघता, भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं, "मरायचं मनात हाय व्हय?"

असं कुणी विचारतं का? आई, वडील, बहीण, सगळ्यांनी 'धीर धर' म्हटलं होतं, 'होईल सगळं नीट' म्हटलं होतं. हा शब्द कुणी उच्चारलाच नव्हता, जणू तो उच्चारला की मला सुचेल. मी म्हटलं, "होय."

"आजच?"

"आजच."

"बरं," जमनी म्हणाली, आणि शेंगा परतल्या. "मग आज मी हितंच हाय."

त्यानंतर तिनं माझी मान आपल्या खांद्यावर ओढली आणि तिच्या त्या चालीत सुरू झाली. मला गोरबोली अर्धीच कळायची. पण त्यात माझ्या लेकीचं नाव आलं. मी तांड्यात ते कुणालाच सांगितलं नव्हतं. वडिलांनी मला सोडून जाताना नायकाला आणि जमनीला नावासकट सांगितलं होतं, पोरीचं लेकरू गेलंय, ध्यान असू द्या. मग मीही रडले. चालीत नाही, मला चाल येत नव्हती. बेसूर, नाक ओढत, शेंगांच्या धुरात. बाहेरच्या बायकांतल्या दोघी-तिघी आत येऊन सुरात सूर मिळवू लागल्या, आणि बुद्धिवादी मास्तरीण मधोमध. शाळा त्या दिवशी उशिरा भरली. दिवसभर जमनी हलली नाही. पुढचे पंधरा दिवस सोमली तिचं पोर घेऊन माझ्या खोलीत झोपायला यायची. कारण काय सांगायची? तिच्या खोपटात पिसवा झाल्यात.

एवढ्यानं मी शहाणी झाले असं समजू नका. मला अजून काहीच कळलं नव्हतं. मला वाटलं, माझ्यावर एकदा दया केली या बायकांनी. महिनाभरानं जमनी म्हणाली, "बाई, आता तूबी पाळीत ये. रूपलाकडं तुझी पाळी हाय. जा आन् काईतरी माग."

रूपला म्हणजे तांड्याचा डफ वाजवणारा. शहाबादकडं फरशीच्या खाणीत कामाला गेला आणि उजवा हात चिरडून घेऊन परत आला. डफ खुंटीला, आणि हा भिंतीकडं तोंड करून. मी गेले. मागायला नाही. मी एका ताटात भात-वरण झाकून नेलं, त्याच्यापुढं ठेवलं आणि आयुष्याचं मोल या विषयावर भाषण दिलं. चांगलं तास-अर्धा तास. उदाहरणं दिली. एक गोष्ट सांगितली. रूपलानं शेवटी मान वळवली आणि म्हणाला, "बाई, झालं का तुमचं?" ताट तसंच होतं.

मी जमनीला अभिमानानं सांगितलं, देऊन आले, समजावूनही आले. ती खळ्याजवळ सुपात तूर पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"दिलंस कामून? माग म्हनलं हुतं तुला."

"अगं, त्याच्याकडं काय मागायचं? त्याचाच हात गेलाय."

"त्याच्यासाठीच की! समदा तांडा त्याला द्यायलाय. भात द्यायलाय, दूध द्यायलाय, तू भाशन दिलीस. द्यायलेत म्हंजे आपलं आता काय काम न्हाई, असं त्याला कळायलंय. ज्याच्याकडं समदे मागायलेत, त्याला जायला फुरसत कुठली?"

मग तिनं मला ते सांगितलं. तिच्या आजीच्या काळात तांडा बैलांवर धान्य आणि मीठ लादून फिरायचा. मुक्काम हलला की विस्तव एका मडक्यात राखेखाली घालून बरोबर न्यायचा, पुढच्या मुक्कामाची पहिली चूल त्यातून पेटायची. ते मडकं कुणाच्या हातात द्यायचं, हे म्हाताऱ्या बायका ठरवत. ज्याचं मन जड झालंय, त्याच्या हातात. "त्यो मागं ऱ्हाऊ शकत न्हाई. मागं ऱ्हायला तर समद्या तांड्याच्या चुली थंड. म्हनून रडत का हुईना, त्यो चालायचा. आन् पोचला की समद्या बाया त्याच्यापुढं खापर घिऊन." दुसऱ्या तांड्यांत असं होतं का, मला ठाऊक नाही. या तांड्यात होतं. बैल गेले, माळावर खोपटं बसली, मडकं फुटलं. पण विस्तव कुणाकडं मागायचा, हे बायका ठरवतच राहिल्या.

मी विचारलं, "मग कुणी कधी गेलंच नाही?"

जमनीनं पुन्हा सूप उचललं. "माझी बहीन गेली. त्या दुष्काळात तांडा तीन ठिकानी पांगला हुता. कुनाचा विस्तव कुनाकडं, पत्ताच नव्हता." आणि पाखडायला लागली. भुसा माझ्या पांढऱ्या साडीवर.

मी तिथं उभी. एकेक आठवायला लागलं. सुया. दोरे. दोनदा वाचलेली पत्रं. पाठीची खाज. 'घरीच हायस न्हवं?' दारातली खापरं. माझं ते पत्र: याचनेची सवय.

"म्हणजे माझ्याकडं," मी म्हटलं, "तुम्ही सगळ्या..."

"तुझ्याकडं काय?" जमनी सुपातून वर न बघता म्हणाली. "तुझा विस्तव झ्याक असतो."

"तुम्ही मला फसवलंत!"

"व्हय."

दुसऱ्या दिवशी मी रूपलाकडं रिकाम्या हातानं गेले. म्हटलं, रूपला, पोरं पाढे म्हणताना सगळी वेगवेगळी पळतात, मला ताल धरता येत नाही, वर्गात येऊन बसशील का? तो म्हणाला, हात न्हाई. मी म्हटलं, मला दोन आहेत तरी येत नाही. चार दिवस आला नाही. मी चार दिवस मागत राहिले. पाचव्या दिवशी आला, डाव्या हातानं डफावर ठेका धरला आणि पोरांनी सातचा पाढा असा म्हटला की खळ्यावरची माणसं बडवायची थांबली. पुढं कित्येक वर्षांनी तो मला भालकीच्या बाजारात भेटला. मिशा पांढऱ्या, बरोबर जावई. ओळख पटल्यावर पहिलं वाक्य काय? "बाई, तंबाखू हाय का?" मी तंबाखू खात नाही. पण त्या दिवशी दुकानातून घेऊन दिली.

आणि माझं? जमनीनं एक खूण मला फार पुढं सांगितली. ज्याच्याकडं मागतोय, तो स्वतः ज्या दिवशी कुणाकडं काही मागायला येतो, त्या दिवशी तो सावरला म्हणायचं आणि त्याच्याकडची पाळी मोडायची. तुम्हाला वाटेल, माझा तो दिवस काही तरी उदात्त असेल. प्रत्यक्षात झालं असं की शाळेतल्या पोरांच्या कृपेनं माझ्या डोक्यात उवा झाल्या. दोन दिवस सोसलं, तिसऱ्या दिवशी तशीच सोमलीच्या दारात गेले आणि म्हटलं, "सोमली, बारीक फणी आहे का गं?" सोमलीनं हातातली भाकरी तव्यावर टाकून दिली आणि ओरडत पळाली. काय ओरडली ते मला कळलं नाही. बायका जमल्या, हसायला लागल्या, एकीनं माझी वेणी सोडली, एकीनं तेल आणलं, आणि मला उन्हात बसवून सगळ्यांनी मिळून माझं डोकं विंचरलं. मला वाटलं, उवा झालेली मास्तरीण बघून हसतायत. लाजेनं मान खाली घातली होती. डायरीत त्या दिवसाचं काहीच लिहिलेलं नाही. पणतीला उवा झाल्या हे कसं लिहिणार?

तिथं मी तीन वर्षं होते. मग बदली, मग दुसरं लग्न, मुलगा, सून, नात. जमनी कधीच गेली. गेली म्हणजे म्हातारी होऊन, चुलीपाशी, सगळ्यांना कामं सांगत. आता भालकीत गॅस आहे, विस्तव कुणी कुणाकडं मागत नाही. धूर बघायचा म्हटलं तर छपरातून निघतच नाही. मी गवळ्याचं ऐकते. तेवढंच धुराच्या जागी उरलंय.

अण्णांकडं पहिल्या दिवशी चाळणी मागितली तेव्हा त्यांनी न बोलता दिली. दुसऱ्या दिवशी दुसरी मागितली. मग कानडीतलं एक सरकारी पत्र नेलं, मला कानडी त्यांच्याइतकंच येतं. त्यांनी चष्मा शोधला, वाचलं, आणि त्यात कारकुनाच्या दोन चुका काढल्या. चुका काढताना त्यांचा आवाज थोडा पूर्वीसारखा झाला. मी म्हटलं, "अण्णा, एक विचारू?" म्हणाले, "विचारा." मी जमनीसारखंच, न बघता विचारलं, "जीव द्यायचं मनात यायलंय का?"

त्यांनी त्या पत्राची घडी घातली. मग म्हणाले, "सकाळच्या वक्ताला येतंय, अक्का. दुपारी जरा कमी असतंय."

"मग सकाळी मी येत जाईन," मी म्हटलं. "माझी कामं सकाळीच असतात."

त्याच दुपारी त्यांच्यासमोर बसून गुलबर्ग्याला मुलाला फोन लावला. तो दुसऱ्या दिवशी आला, त्यांना डॉक्टरकडं घेऊन गेला, गोळ्या सुरू झाल्या. मुलगा आठवडाभर त्यांच्याजवळ झोपला आणि आता दर शनिवारी येतो. पण सोमवार ते शुक्रवार सकाळ येतेच. गल्लीतल्या बायकांना मी कामाला लावलंय. एकीला रेशनचा अर्ज भरून पाहिजे. एकीला गुरम्माच्या शेंगाचटणीची रीत पाहिजे, जी अण्णांना अर्धीच आठवते, म्हणून ती दोनदा जाते. सुनेला मी शिडी मागायला पाठवली. ती कुरकुरत गेली आणि तासाभरानं आली. म्हणाली, "आत्या, ते गुरम्माकाकूंविषयी सांगत बसले. मला उठताच येईना." शिडी आणायची ती विसरली होती.

हे सगळं लागू पडेलच असं मी म्हणत नाही. पडतंही, कधी पडतही नाही. जमनी शेंगा परतायची तसं रोज परतत राहायचं.

आज सकाळी मी तिसरी चाळणी घेऊन परत आले, ती ठेवायला जागा करत होते, तेवढ्यात दारात खाकरण्याचा आवाज आला. अण्णा. स्वेटर उलटा घातलेला, दाढी केलेली, गालावर कापल्याची बारीक रेघ. हातात स्टीलची छोटी वाटी.

"अक्का," ते म्हणाले, "विरजण हाय का थोडं?"

साठी उलटलेली बाई, नातीची आजी, आणि माझी अवस्था भाकरी टाकून पळालेल्या सोमलीसारखी. मी विचारलं, "दूध?"

"सांगिटलं गवळ्याला. अर्धा लिटर." जरा थांबून म्हणाले, "चहाला घेऊन उरतंय. म्हनलं, उद्याला दही लावावं."

मी आत जाऊन चमचाभर विरजण वाटीत घातलं. आणि उगाचच खेकसले, "वाटी उद्या परत आणून द्या बरं का. विसरू नका."

अण्णांनी वाटीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"अक्का," ते म्हणाले, "वाटी माझीच हाय."

आणि ती दोन्ही हातांत धरून, हिंदकळू न देता, एकेक पायरी उतरून गेले. त्यांच्या तीन चाळण्या माझ्याकडं आहेत. मी परत करणार नाही. मागायला येऊ देत.